विल्यम हंटर (शरीररचनाशास्त्रज्ञ)

विल्यम हंटर (जन्म : २३ मे १७१८, लाँग कॅल्डरवुड, स्कॉटलंड, मृत्यू : ३० मार्च १७८३, लंडन) हे अठराव्या शतकातील ख्यातनाम स्कॉटिश शरीररचनाशास्त्रज्ञ, प्रसूतितज्ज्ञ आणि संग्राहक होते. गर्भवती स्त्रीच्या गर्भाशयाच्या रचनेवरील त्यांचा सचित्र ग्रंथ वैद्यकाच्या इतिहासात महत्त्वाचा मानला जातो. वैद्यकीय व्यवसायातून मिळवलेली बहुतेक संपत्ती त्यांनी संग्रहावर खर्च केली. त्यातील नाण्यांचा भाग त्यांच्या काळी युरोपातील सर्वोत्तम खाजगी संग्रहांत गणला जात असे. मृत्युपत्रान्वये हा संग्रह ग्लासगो विद्यापीठास मिळाला व त्यातून हंटेरियन संग्रहालय उभे राहिले. नामवंत शल्यविशारद जॉन हंटर हे त्यांचे धाकटे बंधू होत. लंडनमध्येही हंटेरियन नावाचे एक संग्रहालय आहे. ते जॉन यांच्या संग्रहातून निर्माण झाले असून त्याचा विल्यम यांच्या संग्रहाशी संबंध नाही. या दोहोंची अनेकदा गल्लत होते.

जन्म आणि शिक्षण

हंटर यांचा जन्म ग्लासगोजवळच्या ईस्ट किलब्राइड परिसरातील एका शेतकरी कुटुंबात झाला. दहा भावंडांत ते सातवे होते. वयाच्या तेराव्या वर्षी, १७३१ मध्ये, त्यांनी ग्लासगो विद्यापीठात प्रवेश घेतला. मुलाने धर्मोपदेशक व्हावे अशी वडिलांची इच्छा होती. तथापि विद्यापीठातील अध्ययनाने त्यांचे मन त्या मार्गावरून उडाले. १७३७ च्या सुमारास ते हॅमिल्टन येथील तरुण वैद्य विल्यम कलन यांच्याकडे उमेदवारी करू लागले. कलन पुढे एडिंबराचे थोर वैद्यकाचार्य झाले आणि गुरुशिष्यांचा स्नेह आयुष्यभर टिकला.

एडिंबरा येथे अलेक्झांडर मन्रो यांची व्याख्याने ऐकून हंटर १७४० च्या अखेरीस लंडनला गेले. तेथे प्रथम प्रसूतितज्ज्ञ विल्यम स्मेली व नंतर शरीररचनाशास्त्रज्ञ जेम्स डग्लस यांच्याकडे त्यांनी काम केले. डग्लस १७४२ मध्ये निवर्तले. त्यांची कन्या मार्था जेन हिच्याशी हंटर यांचा विवाह ठरला होता. पण १७४४ मध्ये तिचा मृत्यू झाला. हंटर यांनी पुढे विवाह केला नाही.

शरीररचनेची शाळा

याच काळात हंटर पॅरिसला जाऊन आले. तेथे प्रत्येक विद्यार्थ्यास स्वतंत्रपणे शवविच्छेदन करता येत असे. लंडनमध्ये शिक्षक विच्छेदन करी व विद्यार्थी दुरून पाहत. १७४६ मध्ये कॉव्हेंट गार्डन येथे स्वतःची व्याख्यानमाला सुरू करताना त्यांनी पॅरिसची पद्धत अंगीकारली. त्यांच्या व्याख्यानांना शल्यविद्येच्या विद्यार्थ्यांबरोबरच नामांकित नागरिकही येत. १७४८ मध्ये जॉन हंटर भावाच्या मदतीला आले आणि विच्छेदनाची बरीचशी जबाबदारी त्यांनी उचलली.

या शाळेस लागणारी प्रेते कोठून येत, हा प्रश्न हंटर यांच्या चरित्रातून वगळता येत नाही. कायद्याने केवळ फाशी दिलेल्या गुन्हेगारांची शवे उपलब्ध होत आणि ती गरजेच्या मानाने फारच थोडी होती. उरलेली गरज दफनभूमीतून प्रेते उकरून आणणाऱ्यांकडून भागवली जाई. लंडनमधील खाजगी शाळा याच व्यवहारावर चालत. हंटर यांच्या कीर्तीत, आणि पर्यायाने त्यांच्या संपत्तीत, नाव न ठेवता गेलेल्या अनेक गरीब स्त्रीपुरुषांचा वाटा आहे.

प्रसूतिशास्त्र आणि राजघराणे

शल्यकर्म सोडून हंटर हळूहळू प्रसूतिशास्त्राकडे वळले. १७५० मध्ये ग्लासगो विद्यापीठाने त्यांना वैद्यकाची पदवी दिली. प्रसूतीत चिमट्यांचा वापर शक्य तितका टाळावा, असे त्यांचे मत होते. आपला चिमटा वापराअभावी गंजला आहे, हे ते विद्यार्थ्यांना दाखवीत असत. १७६२ पासून त्यांनी राणी शार्लट यांची शुश्रूषा केली. राजदरबारी प्रवेश मिळाल्यावर उमराव घराण्यांतून त्यांना बोलावणी येऊ लागली व उत्पन्न झपाट्याने वाढले. १७६७ मध्ये ते रॉयल सोसायटीचे सदस्य झाले. १७६८ मध्ये स्थापन झालेल्या रॉयल अकादमीत त्यांना शरीररचनेचे पहिले प्राध्यापक नेमण्यात आले.

त्यांचा प्रमुख ग्रंथ १७७४ मध्ये बर्मिंगहॅमच्या जॉन बास्करव्हिल यांच्या छापखान्यात छापला गेला. त्यात ३४ मोठी चित्रे असून त्यांपैकी बहुसंख्य यान व्हान राइम्सडाइक या चित्रकाराने काढली आहेत. ग्रंथाच्या तयारीस दोन दशकांहून अधिक काळ लागला, कारण गर्भारपणाच्या निरनिराळ्या अवस्थांत मृत्यू पावलेल्या स्त्रियांची शवे क्वचितच मिळत. जे प्रत्यक्ष दिसले तेवढेच व तसेच रेखाटावे, हा हंटर यांचा आग्रह होता.

संग्राहक

१७६० च्या दशकात लंडनमध्ये शरीररचनेची मोठी शाळा उभारण्यासाठी स्वतःचे ७,००० पौंड खर्च करण्याची तयारी हंटर यांनी सरकारला कळवली. सरकारने केवळ जागा द्यावी एवढीच त्यांची मागणी होती. तिला प्रतिसाद मिळाला नाही. तेव्हा त्यांनी ग्रेट विंडमिल स्ट्रीट येथे जागा घेऊन वास्तुविशारद रॉबर्ट माइल्न यांच्याकडून घर, व्याख्यानगृह व संग्रहालय एकत्र असलेली वास्तू बांधून घेतली. या घराच्या दर्शनी भिंतीचा अंश आज लिरिक नाट्यगृहाच्या मागील बाजूस पाहावयास मिळतो.

या घरात शारीर नमुन्यांशेजारी पुस्तके, हस्तलिखिते, चित्रे, शंखशिंपले, कीटक, खनिजे आणि नाणी जमू लागली. ग्रंथसंग्रह सुमारे दहा हजार खंडांचा होता. चित्रांत रेम्ब्रांट व शार्दँ यांच्या कृती होत्या. भारतातून इंग्लंडमध्ये आणलेल्या नीलगायीचे चित्र हंटर यांनी जॉर्ज स्टब्स यांच्याकडून काढून घेतले व त्या प्राण्यावर १७७१ मध्ये रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात निबंध प्रसिद्ध केला. १७८१ मध्ये जॉन फॉदरगिल यांचा शंख व कीटकांचा संग्रह त्यांनी विकत घेतला. वैयक्तिक राहणीत ते साधे व काटकसरी होते. त्यांच्याकडे जेवणास बोलावलेल्यांना फारसे पदार्थ मिळत नसत, असे समकालीन सांगत.

नाणेसंग्रह

नाण्यांचा नाद हंटर यांना उशिरा, वयाच्या पन्नाशीनंतर लागला. १७७० ते १७८३ या काळात त्यांनी त्यासाठी वीस हजार पौंडांहून अधिक रक्कम खर्च केली. ज्या शाळेसाठी सरकारने जागा नाकारली, तिच्याकरिता देऊ केलेल्या रकमेच्या जवळजवळ तिप्पट एवढा हा खर्च होता. सुटी नाणी वेचण्यापेक्षा जुने, जुळवलेले संग्रह पूर्णपणे विकत घेण्याकडे त्यांचा कल होता. लंडनमधील वकील व संग्राहक मॅथ्यू ड्युएन यांच्याकडील नाणी त्यांनी अशीच मिळवली. युरोपातील शहरांतून त्यांच्यासाठी मध्यस्थ खरेदी करीत. अखेरीस नाणी व पदके मिळून संग्रह सुमारे तीस हजारांवर गेला. फ्रान्सच्या राजसंग्रहाखालोखाल त्याचा क्रम लागतो असे तत्कालीन जाणकार मानीत.

संग्रहाच्या सूचीचे काम हंटर यांनी आपले मित्र चार्ल्स कूम या वैद्याकडे सोपवले. १७८२ मध्ये ग्रीक व अन्य प्राचीन लोकांच्या आणि नगरांच्या नाण्यांचा लॅटिन भाषेतील पहिला खंड प्रसिद्ध झाला. तो राणी शार्लट यांना अर्पण केलेला आहे. पुढील खंडांत रोमन नाणी यावयाची होती. परंतु दुसऱ्याच वर्षी हंटर यांचे निधन झाले आणि योजना थांबली. परिणामी संग्रहातील ग्रीक नाणी विद्वानांना आरंभापासून परिचित राहिली, तर रोमन नाण्यांची, त्यांतील सोन्याच्या समृद्ध मालिकेसह, सविस्तर सूची मिळण्यास जवळजवळ दोन शतके लागली. अ‍ॅन रॉबर्टसन यांनी १९६२ ते १९८२ या काळात पाच खंडांत ती पूर्ण केली.

भावाशी कलह, मृत्यू व मृत्युपत्र

१७८० मध्ये जॉन हंटर यांनी रॉयल सोसायटीपुढे असा दावा मांडला, की वार आणि गर्भाशय यांतील रक्ताभिसरणाचा उलगडा मूलतः आपण केला असून त्याचे श्रेय विल्यम यांनी घेतले. विल्यम यांनी तो अमान्य केला. सोसायटीने निवाडा दिला नाही. भावांतील संबंध मात्र कायमचे तुटले.

हंटर अनेक वर्षे संधिवाताने त्रस्त होते. मार्च १७८३ मध्ये आजारी असतानाही त्यांनी व्याख्यान देण्याचा हट्ट धरला. व्याख्यानाच्या शेवटी त्यांना मूर्च्छा आली व त्यानंतर काही दिवसांत, ३० मार्च रोजी, त्यांचे निधन झाले. पिकॅडिलीतील सेंट जेम्स चर्चमध्ये त्यांचे दफन करण्यात आले. मृत्युपत्रात जॉन यांना काहीच ठेवलेले नव्हते. लाँग कॅल्डरवुडची वडिलोपार्जित शेती भाचे मॅथ्यू बेली यांना मिळाली. त्यांनी ती मोठ्या मनाने जॉन यांच्या स्वाधीन केली. संग्रह तीस वर्षे लंडनमध्ये बेली आणि शाळेतील सहकाऱ्यांच्या वापरात राहावा व नंतर ग्लासगो विद्यापीठास मिळावा, अशी तरतूद होती. इमारतीसाठी ८,००० पौंडांची स्वतंत्र देणगीही त्यांनी ठेवली.

मुदतीपूर्वीच, १८०७ मध्ये, संग्रह ग्लासगोला पोहोचला व वास्तुविशारद विल्यम स्टार्क यांनी बांधलेल्या इमारतीत संग्रहालय खुले झाले. ते स्कॉटलंडमधील सर्वांत जुने सार्वजनिक संग्रहालय होय. १८७० मध्ये विद्यापीठाबरोबर तेही गिलमोरहिल येथे हलले.

अठराव्या शतकातील अनेक थोर नाणेसंग्रह मालकाच्या मृत्यूनंतर लिलावात विखुरले. हंटर यांचा संग्रह एकसंध राहिला. त्यात उत्कृष्ट नाण्यांबरोबर संशयास्पद आणि उघडपणे बनावट वस्तूही टिकून राहिल्या, कारण विद्यापीठाने त्या काढून टाकल्या नाहीत. याचे महत्त्व विसाव्या शतकात सोन्याच्या परीक्षेची नवी साधने आल्यानंतर ध्यानात आले.

संग्रहातील रोमन सोने आणि त्याचा कस

रोमन सोन्याच्या नाण्यांत वजन आणि कस या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि त्या नेहमी एकत्र घसरल्या नाहीत. ज्युलियस सीझरच्या काळात एका रोमन पौंडातून, म्हणजे सुमारे ३२५ ग्रॅम सोन्यातून, ४० ऑरियस पाडले जात. नाण्याचे वजन ८ ग्रॅमच्या आसपास भरे. इ.स. ६४ च्या सुमारास नीरोने एका पौंडातून ४५ नाणी पाडण्यास आरंभ केला. कॅराकल्लाच्या काळात ही संख्या ५० झाली. नाणे हलके होत गेले, पण सोने मात्र जवळजवळ शुद्धच राहिले. चांदीच्या नाण्यांत याच काळात तांब्याची भेसळ वाढत होती. सोन्याला हात लावण्याचे धाडस तिसऱ्या शतकाच्या मध्यापर्यंत कोणी केले नाही. व्हॅलेरियन आणि गॅलिएनस यांच्या काळात साम्राज्य मोडकळीस आले, तेव्हा सोन्याच्या नाण्यांचे वजन बेभरवशाचे झाले आणि कसही उतरला. ऑरेलियनने स्थिती सावरली, डायोक्लेशियनने पौंडामागे ६० नाण्यांचे प्रमाण ठरवले आणि कॉन्स्टंटाइनने पौंडामागे ७२ असा सुमारे साडेचार ग्रॅमचा सॉलिडस आणला. व्हॅलेंटिनियन व व्हॅलेन्स यांच्या काळात, ३६६ नंतर, सोने पुन्हा गाळून शुद्ध करण्याचा हुकूम निघाला. त्यानंतरच्या नाण्यांवर शुद्ध केलेल्या सोन्याची निदर्शक अशी ओबी ही अक्षरे उमटवलेली आढळतात.

सोने खाणीतून येते तेव्हा त्यात थोडीफार चांदी असतेच. रोमन लोक सोन्याचा पत्रा मिठासह बंद भांड्यात दीर्घकाळ तापवून ती वेगळी करीत. म्हणून नाण्यातील चांदीचे प्रमाण टांकसाळीच्या शिस्तीचे मोजमाप ठरते. संग्राहकासाठीही ते महत्त्वाचे आहे, कारण एखाद्या सम्राटाच्या नाण्याचा कस त्याच्या काळाशी जुळत नसेल तर ते नाणे बनावट असण्याची किंवा साम्राज्याबाहेर तयार झालेले असण्याची शंका येते.

हंटर यांच्या काळी कस पाहण्याचे मार्ग मोजके होते. कसोटीच्या दगडावर रेघ ओढून तिची तुलना ज्ञात कसाच्या सोन्याशी करीत. सराफाला हा मार्ग पुरतो, नाणेसंग्राहकाला पुरत नाही, कारण कडेवरचा ओरखडा कायमचा राहतो. अचूक परीक्षेसाठी सोन्याचा तुकडा शिशाबरोबर मुशीत वितळवावा लागे, म्हणजे नाणे कापावे लागे. ज्याची सारी विद्या कापून पाहण्यावर उभी होती, त्या माणसाने जमवलेल्या या वस्तू मात्र कापता येण्याजोग्या नव्हत्या. उरत होता तो पाण्यात तोलण्याचा मार्ग. सोन्याची घनता १९.३ आणि चांदीची १०.५ आहे. ७.२ ग्रॅम वजनाचा शुद्ध सोन्याचा ऑरियस पाण्यात तोलला असता सुमारे ३७३ मिलिग्रॅमने हलका भरतो. त्यात पाच टक्के चांदी असेल तर ३८९ मिलिग्रॅमने. केवळ १६ मिलिग्रॅमच्या या फरकावर निर्णय अवलंबून असतो. नाण्याला चिकटलेला हवेचा एखादा बुडबुडाही तो चुकवू शकतो, आणि तांबे मिसळले असल्यास हिशेब आणखी गुंतागुंतीचा होतो.

आज क्ष-किरणांच्या साहाय्याने नाण्याला धक्का न लावता घटक मोजता येतात. ही साधनेही मुख्यतः पृष्ठभाग पाहतात. जमिनीत दीर्घकाळ पडलेल्या सोन्याच्या पृष्ठभागातून चांदी व तांबे झिरपून गेलेले असतात. त्यामुळे वरचा थर आतल्या धातूपेक्षा अधिक शुद्ध दिसतो.

स्पॉन्सियनचे नाणे

१७८२ मध्ये हंटर यांनी व्हिएन्ना येथील जोसेफ द फ्रान्स यांच्या संग्रहातून काही सोन्याची नाणी मिळवली. ती ट्रान्सिल्व्हेनियात सापडल्याची नोंद व्हिएन्नाच्या राजसंग्रहाचे अधिकारी कार्ल गुस्ताव्ह हेरेयस यांनी १७१३ मध्ये केली होती. त्यांतील एकावर इतिहासात अन्यत्र कोठेही नसलेल्या स्पॉन्सियन या सम्राटाचे नाव होते.

या गटातील नाणी विचित्र आहेत. रोमन टांकसाळीत नाणी ठशांत ठोकून पाडली जात. ही साच्यात ओतलेली आहेत. स्पॉन्सियनच्या नाण्यावर त्याचे नाव षष्ठी विभक्तीत आहे. मागील बाजूचे स्तंभाचे चित्र त्याहून सुमारे चारशे वर्षे जुन्या, प्रजासत्ताक काळातील एका चांदीच्या नाण्यावरून उचललेले आहे. १८६० च्या दशकात रोमन साम्राज्याच्या नाण्यांचे विख्यात फ्रेंच सूचिकार आंरी कोएन यांनी ही नाणी आधुनिक व अनाडी बनावट ठरवली. त्यानंतर त्यांच्याकडे फारसे कोणी लक्ष दिले नाही. ती ग्लासगोच्या कपाटात पडून राहिली.

नोव्हेंबर २०२२ मध्ये युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनचे भूवैज्ञानिक पॉल पिअरसन आणि हंटेरियन संग्रहालयाशी संबंधित सहकाऱ्यांनी या गटातील हंटर यांच्या चार नाण्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. तुलनेसाठी याच संग्रहातील निर्विवाद अस्सल अशी दोन रोमन सोन्याची नाणी घेण्यात आली. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली संशयित नाण्यांवर चलनात फिरताना पडतात तसे खोल झिजेचे ओरखडे दिसले. खोलगट भागांत मातीचे खनिज कण सिलिकाने घट्ट बांधले गेले होते आणि ती माती दीर्घ काळ जमिनीत पुरली गेल्याची खूण मानली गेली. धातूही वेगळा निघाला. अस्सल ऑरियसांच्या मानाने या नाण्यांत चांदी व तांबे अधिक होते. सोने नीट गाळलेले नव्हते. यावरून संशोधकांनी असा तर्क मांडला, की २६० च्या दशकात साम्राज्यापासून तुटलेल्या डेशिया प्रांतात स्पॉन्सियन नावाच्या सेनापतीने सत्ता हाती घेतली आणि प्रशिक्षित कारागीर नसताना स्थानिक खाणींच्या सोन्यातून नाणी ओतून घेतली. हा प्रांत रोमने २७० च्या दशकात सोडून दिला.

हा निष्कर्ष सर्वमान्य झालेला नाही. ब्रिटिश म्युझियम आणि ऑक्सफर्ड येथील नाणकशास्त्रज्ञांनी तो तत्काळ नाकारला. नाण्यांवरील मजकूर, चित्रे व घडण यांचे कोणत्याही ज्ञात टांकसाळीशी साम्य नाही, आणि झीज व माती कृत्रिम रीतीने आणता येते, हे मुख्य आक्षेप आहेत. कसाचा पुरावाही दोन्ही बाजूंना वळतो. कमी शुद्धतेचे सोने तिसऱ्या शतकातील दुर्गम प्रांतात जितके संभवते, तितकेच १७१३ च्या आसपासच्या एखाद्या सोनाराच्या मुशीतही संभवते. सोने कितीही वेळा वितळवता येते आणि धातूचे प्रमाण स्वतःहून काळ सांगत नाही. या वादात शुद्धतेपेक्षा झिजेचा व मातीचा पुरावा अधिक वजनदार दिसतो. तोही नाणी नेमकी कोठे आणि कोणत्या परिस्थितीत सापडली याच्या माहितीची उणीव भरून काढू शकत नाही.

याच गटातील स्पॉन्सियनचे दुसरे नाणे रुमानियातील सिबियू येथील ब्रुकेंथाल संग्रहालयात आहे. ट्रान्सिल्व्हेनियाचे राज्यपाल राहिलेले सामुएल फॉन ब्रुकेंथाल हे हंटर यांच्याप्रमाणेच अठराव्या शतकातील मोठे संग्राहक होते. हंटर यांचे नाणे ग्लासगो येथील हंटेरियन संग्रहालयात आहे.